‘वॉर्म्थ’साठी दर वेळी ‘ऊब’ का चालत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: “मी आरोग्यविषयक माहितीपत्रके आणि अधूनमधून कथा इंग्रजीतून मराठीत आणतो. ‘वॉर्म्थ’ हा शब्द आला की मी ‘ऊब’ लिहितो. तपासणारे कधी तो शब्द ठेवतात, कधी खोडतात, पण कारण सांगत नाहीत. ऊब, उष्णता, उबदारपणा, जिव्हाळा यांपैकी योग्य प्रतिशब्द कोणता, आणि तो निवडण्याचा काही नियम आहे का?”

मी बरीच वर्षे अनुवाद तपासण्याचे काम करते, त्यामुळे खोडणाऱ्यांच्या बाजूने हे उत्तर देत आहे असे समजावे. तुमची अडचण प्रतिशब्द सापडत नाही ही नाही, कारण चार तर तुम्ही स्वतःच सांगितले आहेत. अडचण अशी आहे की इंग्रजीने एका शब्दात ज्या गोष्टी कोंबल्या आहेत, त्या मराठीने पहिल्यापासून वेगवेगळ्या ठेवल्या. पदार्थातली उष्णता, त्वचेला होणारी जाणीव, पांघरुणाखाली मिळणारे सुख, माणसाच्या स्वभावातली माया आणि रंगाचा किंवा आवाजाचा एक गुण, एवढ्या सगळ्यांना तिकडे एकच नाव आहे. म्हणून मी शब्दापासून सुरुवात करत नाही. वाक्यात उष्णता कुठून येते, ती कोणाला लागते आणि ती त्याला हवी आहे की नको, हे आधी पाहते. तेवढे ठरले की मराठी शब्द बहुतेक वेळा आपोआप समोर येतो. अर्थात मजकूर कोणासाठी आहे, संस्थेने पारिभाषिक शब्द ठरवून दिले आहेत का आणि तोच शब्द पुढे पुन्हा येणार आहे का, यांवर अंतिम निवड अवलंबून राहते, त्यामुळे खालचे निर्णय डोळे मिटून लावू नयेत.

आधी ‘ऊब’च पाहू, कारण सगळा घोळ तिच्या भोवती आहे. थंडीच्या रात्री पांघरूण अंगावर ओढले की पहिली काही मिनिटे ते गारच लागते. मग हळूहळू आतली हवा तापते आणि आपण म्हणतो, “आता ऊब आली.” पांघरुणाने स्वतः काहीच तापवलेले नसते. स्वस्थ पडलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरातून साधारण 100 वॉट इतकी उष्णता सतत बाहेर पडत असते, आणि लोकरीच्या किंवा कापसाच्या तंतूंमध्ये अडकलेली हवा ती लवकर निसटू देत नाही. हे भौतिकशास्त्र माहीत नसतानाही भाषेने ते अचूक पकडले आहे: ऊब ‘येते’, ‘मिळते’, ‘धरते’, आपण उबेत ‘शिरतो’ आणि उबेतून बाहेर पडणे जिवावर येते. म्हणजे ऊब ही राखलेली उष्णता आहे. तिला आडोसा लागतो, जवळीक लागते आणि ती हवीशी असते.

या तीन खुणा एकदा लक्षात आल्या की शब्दाचा सगळा गोतावळा उलगडतो. कोंबडी अंड्यांवर बसते, त्याला आपण ‘अंडी तापवणे’ म्हणत नाही, ‘उबवणे’ म्हणतो, कारण तिथे सुमारे 37.5 अंश सेल्सिअस इतके तापमान तीन आठवडे सांभाळायचे असते, वाढवायचे नसते. वर्तमानपत्रांतला ‘सत्तेची ऊब’ हा प्रयोगही याच खुणांवर उभा आहे. सत्तेच्या जवळ, तिच्या आडोशाला, सुखाने बसलेला माणूस त्यात दिसतो. आणि आडोसा अती झाला की हीच ऊब नासते. ओलसर धान्य कोंडून ठेवले की ते आतून तापून ‘उबते’, आणि बरेच दिवस बंद असलेल्या कपाटाला ‘उबट’ वास येतो. ऊब म्हणजे नेहमीच गोड काहीतरी, अशी समजूत हल्लीच्या गोग्गोड लेखनाने करून दिली आहे. मूळ शब्द त्यापेक्षा खूप व्यवहारी आहे.

आता जिथे आडोसा नाही आणि उष्णता दुरून, एका ठिकाणाहून अंगावर येते, तिथे ऊब चालत नाही. तिथे ‘धग’ आहे, जी विस्तवासमोर उभे राहिल्यावर चेहऱ्याला लागते. ती सोसवेना झाली की ‘झळ’ होते, म्हणून दुष्काळाची आणि महागाईची झळ बसते, ऊब बसत नाही. भांड्याखालच्या विस्तवाचा जोर सांगायचा तर ‘आच’, आणि दुखऱ्या भागाला मुद्दाम दिलेली उष्णता म्हणजे ‘शेक’. शेकोटीच्या बाबतीत मात्र दोन्ही शक्य आहे. जळत्या लाकडांपासून पुरुषभर अंतरावर उभ्या असलेल्या पात्राला धग लागते. भोवती कोंडाळे करून, खांद्याला खांदा लावून बसलेल्यांना ऊब मिळते. कथेतले पात्र कुठे बसले आहे हे ठरवल्याशिवाय हा शब्द निवडता येत नाही, आणि मूळ लेखकाने ते सांगितले नसेल तर अनुवादकाने आपल्या मनात तरी ठरवावे. सकाळच्या कोवळ्या उन्हासाठी ‘ऊब’ चालतेच, पण तिथे ‘उबारा’ हा जुना शब्दही वापरून पाहा. तो अजून झिजलेला नाही.

तुमचे मुख्य काम आरोग्याच्या माहितीपत्रकांचे असल्यामुळे तिथे थोडे जास्त थांबते, कारण तिथे चुकीचा शब्द नुसता कानाला खटकत नाही, तो कृती बदलतो. जखम चिघळत असल्याची चिन्हे सांगताना इंग्रजीत लाली, सूज आणि ‘वॉर्म्थ’ असे तीन शब्द सलग येतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या रोमन लेखकाने दाहाची जी चार लक्षणे नोंदवली, लाली, सूज, उष्णता आणि वेदना, त्यांचीच ही परंपरा आहे. इथे ‘जखमेभोवती ऊब जाणवते’ असे लिहिले तर वाचणाऱ्याला ते बरे होत असल्याचे लक्षण वाटेल, कारण ऊब हवीशी असते. हा शब्द मी दर वेळी खोडते आणि तिथे साधे वाक्य लिहिते: ‘जखमेभोवतीची जागा हाताला गरम लागते’. मराठीत अशी जाणीव नामापेक्षा क्रियापदाने जास्त स्पष्ट होते. गरम ‘लागते’, गार ‘लागते’. तापाबद्दलही तसेच. ‘शरीरात उष्णता जाणवणे’ हे कोणी बोलत नाही; अंग गरम लागते, अंग तापलेले असते, आणि ताप फारच थोडा असेल तर अंगात कणकण असते. ‘शरीरातली उष्णता वाढली’ असे लिहिले तर अनेक वाचक तोंड येण्याचा, डोळ्यांच्या जळजळीचा आणि पथ्याचा विचार करू लागतील, कारण आपल्याकडे त्या शब्दप्रयोगाला प्रकृतीचा स्वतंत्र अर्थ चिकटलेला आहे.

याच्या उलट नवजात बाळाच्या पत्रकात ‘ऊब’ हाच शब्द हवा. बाळाचे तापमान 36.5 ते 37.5 अंश सेल्सिअस यांच्या दरम्यान राहावे असे सांगितले जाते, म्हणजे ते राखायचे असते, आणि ऊब म्हणजे राखलेली उष्णता हे आपण वर पाहिलेच. ‘बाळाला गरम ठेवा’ असे लिहिले की गरम पाण्याची पिशवी बाळाजवळ ठेवण्यापर्यंत मजल जाऊ शकते, ‘बाळाला उष्णता द्या’ म्हटले की दिवा किंवा विस्तव आठवतो. ‘बाळाला उबेत ठेवा’ म्हटले की आईची कूस, टोपी आणि दुपटे हेच डोळ्यांसमोर येते, जे आपल्याला हवे आहे. तरीही एवढ्यावर न थांबता पुढच्या वाक्यात कृती सांगावी, की बाळाला कोरडे पुसून आईच्या उघड्या छातीशी धरावे आणि दोघांवर मिळून पांघरूण घालावे. शब्द कितीही नेमका असला तरी पत्रकात त्याच्या भरवशावर राहू नये. पाण्याबद्दल फारसा प्रश्न नाही, सोसेल इतपत गरम पाण्याला ‘कोमट’ म्हणावे, आणि ‘वॉर्म कॉम्प्रेस’साठी ‘उष्ण दाबपट्टी’सारखे काही घडवण्यापेक्षा ‘शेक द्या’ हे दोन शब्द पुरतात.

‘उष्णता’ हा शब्द मी विज्ञानासाठी राखून ठेवते. उष्णता ही ऊर्जा, ती ज्यूलमध्ये मोजायची. तापमान वेगळे, ते अंशांत मोजायचे. म्हणून ‘ग्लोबल वॉर्मिंग’चे ‘जागतिक तापमानवाढ’ हे रूढ झालेले भाषांतर मला चांगले वाटते. 2011 ते 2020 या दशकात पृथ्वीच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान 1850 ते 1900 या काळातल्या सरासरीपेक्षा सुमारे 1.1 अंश सेल्सिअसने जास्त होते, हे सांगताना आपण तापमानाबद्दलच बोलत असतो.

आता माणसांकडे वळू, कारण कथांमध्ये तुमची खरी ओढाताण तिथे होत असणार. इंग्रजीत प्रेमळ माणूस ‘वॉर्म’ असतो आणि तुसडा माणूस ‘कोल्ड’. मराठीत माणूस ‘गरम’ झाला म्हणजे तो चिडला, ‘तापट’ म्हणजे पटकन चिडणारा, आणि डोके तापले की त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नये. दुसऱ्या बाजूला जीव थंड होतो, डोळे निवतात, मनाला गारवा मिळतो. आपल्याकडे गारवा सुखाचा आहे. मग मायेची उलट बाजू आपण कशाने दाखवतो? कोरडेपणाने. कोरडे उत्तर, कोरडी चौकशी, कोरडा पाहुणचार. आणि तो कोरडेपणा घालवतो तो ओलावा. इंग्रजीने जी गोष्ट उष्ण-थंड या जोडीने मोजली, ती मराठीने ओल्या-कोरड्याने मोजली. (हात ‘ओले’ करणे म्हणजे लाच देणे, ही ओलाव्याची दुसरी तऱ्हा, पण तो विषय निराळा.) त्यामुळे ‘त्याच्या पत्रात वॉर्म्थ नव्हती’ या वाक्याला ‘त्याचे पत्र कोरडे होते’ हे सरळ मराठी उत्तर आहे, आणि ‘पत्रात ऊब नव्हती’ हे वाचताना डोके खाजवावे लागते.

याची कसोटी पाहायची तर सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाचा 1946 मधला प्रसिद्ध प्रयोग मराठीत सांगून पाहा. त्याने एका अनोळखी माणसाच्या गुणांची यादी लोकांना ऐकवली: बुद्धिमान, कुशल, कष्टाळू, निश्चयी, व्यवहारी, सावध. एका गटाच्या यादीत मध्येच ‘वॉर्म’ हा शब्द घातला, दुसऱ्याच्या यादीत त्याच जागी ‘कोल्ड’. एवढ्या एका शब्दाने लोकांच्या मनातले त्या माणसाचे सगळे चित्र बदलले. पहिल्या गटाला तो उदार, आनंदी वाटला, दुसऱ्याला नाही. त्या जागी ‘सभ्य’ आणि ‘फटकळ’ या अर्थाचे शब्द घातल्यावर मात्र फरक पुष्कळच कमी पडला. आता यादीत ‘उष्ण’ किंवा ‘गरम’ लिहिले तर मराठी वाचक त्या माणसाला संतापी ठरवेल आणि प्रयोगाचा निष्कर्ष उलटा होईल. ‘उबदार’ लिहिले तर वाचक अडखळेल. मी तिथे ‘मायाळू’ आणि ‘कोरड्या स्वभावाचा’ ही जोडी वापरते. ‘थंड’ टाळते, कारण मराठीत थंड माणूस संथ किंवा निर्विकार असतो, निर्दय असेलच असे नाही.

तरीही भावनेच्या ठिकाणी ऊब सरसकट वर्ज्य आहे असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ‘मायेची ऊब’, ‘आईच्या कुशीतली ऊब’, ‘घराची ऊब’ हे प्रयोग पूर्ण मराठी आहेत. पण त्यांत जवळीक आणि आडोसा, दोन्ही शब्दशः हजर आहेत. जिथे शरीर जवळ आले आहे, कुशीत घेतले आहे, घराने वेढले आहे, तिथे ऊब शरीराकडून मनाकडे सहज जाते. जिथे शरीराचा संबंधच नाही, म्हणजे पत्र, भाषण, दूरध्वनी, स्वागताची कमान, तिथे ती ओढूनताणून आणलेली वाटते. तिथे जिव्हाळा, आपुलकी, अगत्य, माया हे शब्द आहेत, आणि तेही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. अगत्य वागणुकीत दिसते, विशेषतः दारी आलेल्याच्या बाबतीत. आपुलकी परक्याबद्दलही वाटू शकते. जिव्हाळ्याला सहवासाचा काळ लागतो. पहिल्याच भेटीत पात्रांमध्ये जिव्हाळा निर्माण झाला असे लिहिलेले दिसले की मी समासात प्रश्नचिन्ह काढते. माया बहुधा मोठ्याकडून लहानाकडे वाहते, त्यामुळे कारकुनाची साहेबावर माया आहे असे लिहिले तर विनोद होतो.

कधीकधी मात्र मूळ मजकूर शरीर आणि मन या दोन्ही अर्थांवर मुद्दाम खेळत असतो, आणि तिथे तुम्हाला दोन्हीकडे एकच शब्द ठेवावा लागतो. 2008 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जॉन बार्ग आणि लॉरेन्स विल्यम्स यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. गरम कॉफीचा कप क्षणभर हातात धरलेल्यांनी एका व्यक्तीला अधिक ‘वॉर्म’ ठरवले, थंड कॉफीचा कप धरलेल्यांनी कमी, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढे जास्त माणसांवर तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा तो परिणाम दिसला नाही, हेही अशा लेखात सांगायला हवे. पण भाषांतरापुरता मुद्दा असा की कपाजवळ ‘उष्णता’ आणि माणसाजवळ ‘आपुलकी’ लिहिले तर संशोधकांना या दोहोंत संबंध शोधावासा का वाटला हेच वाचकाला कळणार नाही. तिथे मी ‘हातातली ऊब’ आणि ‘माणसातली ऊब’ असे लिहून थोडा कृत्रिमपणा पत्करते. कथेतही तेच. ‘तिच्या आवाजात वॉर्म्थ होती, हातांत नव्हती’ अशा वाक्यात ऊबच ठेवावी, कारण हात तिला आधार देतात. ‘आवाजात जिव्हाळा होता, पण हात गार होते’ असे केले तर अर्थ पोहोचतो, पण तुलना मोडते. कुठे अर्थ वाचवायचा आणि कुठे खेळ, हे त्या उताऱ्यावर ठरते.

प्रकाश, रंग आणि आवाज यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. चित्रकलेत ‘उष्ण रंग’ आणि ‘शीत रंग’ हे शब्द रूढ आहेत, ते तसेच वापरावेत. दिव्यांच्या बाबतीत ‘वॉर्म’ म्हणजे सुमारे 2700 केल्विनचा (केल्विन हे तापमान मोजण्याचे एकक) पिवळसर प्रकाश आणि ‘कूल’ म्हणजे 6500 केल्विनच्या आसपासचा निळसर पांढरा. गंमत अशी की आकडा वाढतो तसा प्रकाश ‘थंड’ होत जातो, कारण पदार्थ जितका जास्त तापतो तितका त्याचा उजेड निळसरपणाकडे सरकतो. हा गुंता वाचकावर न लादता ‘पिवळसर’ लिहावे, हे उत्तम. गायकाच्या किंवा वाद्याच्या आवाजासाठी ‘भरदार’, ‘गोलाईचा’ यांसारखे शब्द आहेत, कारण तिथे बहुधा खालच्या स्वरांचा भरीवपणाच अभिप्रेत असतो.

ठरीव वाक्प्रयोगांत शब्दाला शब्द ठेवू नये, हे तुम्हाला माहीत असेलच, तरी दोनतीन नेहमी दिसणारे सांगते. ‘उबदार स्वागत’ हे मला अजून पचलेले नाही. स्वागत मनापासून होते, अगत्याने होते, जोरदार होते. पत्राच्या शेवटी ‘उबदार शुभेच्छा’ लिहिण्याऐवजी ‘सस्नेह’ किंवा ‘स्नेहपूर्वक’ लिहावे. ‘ल्यूकवॉर्म’ प्रतिसादाला ‘कोमट प्रतिसाद’ म्हटलेले वाचले आहे. जेमतेम किंवा थंडा प्रतिसाद म्हणावे. आणि एखाद्याला कल्पना हळूहळू पटू लागली, असे म्हणायचे असेल तर ‘पटू लागली’ असेच म्हणावे.

‘उबदारपणा’ या तुमच्या तिसऱ्या शब्दाबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. ‘उबदार’ हे विशेषण कपड्यांना, खोलीला, घरट्याला छान शोभते, पण त्याला ‘पणा’ जोडून नाम केले की मूळचे ‘ऊब’ हे छोटेसे नाम असताना आपण लांबचा वळसा घेतला असे होते. ‘खोलीतला उबदारपणा’ आणि ‘खोलीतली ऊब’ यांत काही वेगळे सांगायचे असेल तर पहिला ठेवा, एरवी नको.

कोश पाहताना इंग्रजी-मराठी कोशात ‘वॉर्म्थ’ काढून तिथली यादी उचलण्यापेक्षा उलट दिशेने जावे. मनात आलेला मराठी शब्द मराठी कोशात काढून त्याच्याबरोबर कोणती क्रियापदे आणि उदाहरणे दिली आहेत ते वाचावे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, विशेषतः त्याची 1857 ची दुसरी आवृत्ती, आणि 1932 पासून खंडशः निघालेला दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, या दोन्हींचा या कामी उपयोग होतो. पारिभाषिक मजकुरासाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत; त्यांतला शब्द अवघड वाटला तरी ग्राहक संस्थेला विचारल्याशिवाय बदलू नये.

शेवटी लेखनाची एक बाब, कारण तुमच्या प्रश्नाच्या मूळ मजकुरात ‘ऊबेत’ आणि ‘ऊबदार’ असे लिहिले होते आणि तपासणाऱ्यांनी खोडलेल्या काही जागा कदाचित तेवढ्यासाठीच असतील. ‘ऊब’ एकटी असताना पहिले अक्षर दीर्घ, पण सामान्यरूपात ते ऱ्हस्व होते. ‘पूल’चे ‘पुलाला’ होते तसे ‘ऊब’चे ‘उबेला’, ‘उबेत’, ‘उबेने’. ‘उबदार’, ‘उबवणे’, ‘उबट’ हे सगळे ऱ्हस्व उकाराने लिहायचे.